कायद्याचे राज्य : निबंधातले आणि तळ्याकाठचे

विधी महाविद्यालयांतून 'कायद्याचे राज्य' या विषयावर निबंधस्पर्धा होतात. अशा स्पर्धांचे निबंध परीक्षक म्हणून मी काही वर्षे वाचीत आलो आहे. मी भाषेचा अध्यापक. विद्यार्थ्यांचे कायद्याचे ज्ञान जोखणे हे माझे काम नव्हे. लेखन म्हणून हे निबंध काय सांगतात आणि काय गाळतात, एवढेच येथे पाहायचे आहे.

या निबंधांचा साचा ठरलेला आहे. १२१५ची मॅग्ना कार्टा, १८८५चा डायसी, मग १९७३चा केशवानंद भारती खटला, १९७६च्या जबलपूर खटल्यातले न्या. खन्ना यांचे असहमतीचे निकालपत्र, १९७८चा मनेका गांधी खटला. शेवटी बाबासाहेबांना वंदन. हे सारे विद्यार्थ्याला ठाऊक असलेच पाहिजे. पण या साच्यात सत्ता म्हणजे फक्त राजा, संसद आणि सरकार. गावाची सत्ता त्यात नाही, जातीची तर नाहीच.

भाषाही तशीच. 'दुर्बल घटकांवर अन्याय होतो' या जातीची वाक्ये पानोपानी भेटतात. अन्याय कोण करतो, तक्रार कोणी नोंदवून घेतली नाही, हे वाक्यात येत नाही. कर्ता गाळला की गुन्हेगार व्याकरणातही निर्दोष सुटतो.

ज्यांना वंदन करून निबंध संपतो, त्यांच्याच चरित्रात कायद्याच्या राज्याचा मोठा धडा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क मिळाला. २० मार्च १९२७ रोजी तो बजावला, तेव्हा सत्याग्रहींना मार खावा लागला. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो माणसे पुन्हा सत्याग्रहासाठी जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला. लोकांनी तळ्याला मिरवणुकीने वळसा घातला, पाण्याला हात लावला नाही. ठराव मोडणारे कोण आणि हुकूम पाळणारे कोण, हे नीट पाहावे. कायद्याने ज्यांचे रक्षण केले नाही, त्यांनीच येथे कायद्याची बूज राखली.

निकाल १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात लागला. तो आपल्या बाजूने लागला, कारण वादींना आपली प्राचीन वहिवाट सिद्ध करता आली नाही. मग अशी वहिवाटच अन्याय्य की नाही, हे तपासण्याची वेळ न्यायालयावर आली नाही. पाण्यासाठी दहा वर्षे, आणि मूळ प्रश्न अनुत्तरित! निबंधाला याहून मोठा विषय कोणता हवा?

डायसीचेच घ्या. पंतप्रधानापासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकच कायदा लागू, असे तो सांगतो. हे वाक्य बहुतेक निबंधांत येते. पण १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ मला अजून एकाही निबंधात दिसलेले नाही. अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या लोकसेवकाने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले, तर तो गुन्हा ठरतो. २०१५च्या दुरुस्तीने ती कर्तव्येही नोंदवली: तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवणे, तिची प्रत देणे. डायसीचा शिपाई आपल्या तालुक्याच्या ठाण्यात बसलेला आहे. त्याला हे कलम किती वेळा लागले, हे विचारले की डायसी पाठांतरातून बाहेर येतो.

स्पर्धेत लेखकाचे नाव झाकून क्रमांक देतात, ते योग्यच. पण आमची मुले नावाबरोबर आपले जगणेही झाकून टाकतात. ठाण्याच्या पायरीवर बाप दिवसभर बसलेला ज्याने पाहिला असेल, तोही मॅग्ना कार्टापासूनच सुरुवात करतो, कारण बक्षीस तिकडे आहे असे त्याला शिकवले गेले आहे. यात दोष मुलांचा नाही. विषय देणाऱ्यांचा आणि गुण देणाऱ्यांचा आहे.

वेगळे लिहिता येते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्यात आदिवासी मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात दोन पोलिसांना मुक्त केले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या पत्रात कर्ता गाळलेला नव्हता.

स्पर्धा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. विषय तोच ठेवा. अट एकच घाला: प्रत्येकाने आपल्या तालुक्यातला एक खटला, तक्रारीपासून निकालापर्यंत, कागद पाहून लिहावा. डायसी त्यानंतर येऊ दे.