सांता कातारिना : चरित्र कोणाचें, पूजा कोणाची?

जुन्या गोव्यांतील ‘से’ नांवाचें भव्य ख्रिस्तमंदिर अलेक्झांड्रियाच्या सांता कातारिना या हुतात्मा कुमारीस वाहिलेलें आहे. तिच्या चरित्रांतील प्रसंग तेथील मुख्य वेदीच्या सोनेरी फलकांवर कोरलेले आहेत. या फलकांकडे पाहणारांचे दोन पक्ष आढळतात. एक पक्ष त्यांस घडलेला इतिहास मानतो. दुसरा सर्वच भाकडकथा म्हणून पाठ फिरवितो. आमच्या मतें दोन्ही पक्ष सदोष आहेत.

प्रथम कथा पाहूं. चौथ्या शतकाच्या आरंभीं एका विदुषी राजकन्येनें रोमी बादशहाच्या मूर्तिपूजेचा निषेध केला. पन्नास तत्त्वज्ञांस वादांत जिंकलें. तिच्यासाठीं केलेलें सुऱ्यांचें चक्र आपोआप भंगलें. अखेर तिचा शिरच्छेद झाला व देवदूतांनीं देह सिनाई पर्वतावर नेला. ही कथा वाचतांना आम्हां संस्कृतज्ञांस बृहदारण्यकांतील गार्गीचें स्मरण होतेंच. अतिप्रश्न केल्यास मस्तक गळून पडेल, अशी ताकीद गार्गीस मिळाली. कातारिनेचें मस्तक खरोखरच छाटलें गेलें. परंतु साम्य हें संबंधाचें प्रमाण नव्हे, हें विसरतां कामा नये.

आतां प्रमाणाचा विचार करूं. तिच्या समकालीन असा एकही लेख उपलब्ध नाहीं. ज्या कथा आहेत त्या कित्येक शतकांनंतरच्या आहेत. कांहीं पाठांत बादशहाचें नांव माक्सेन्तियुस दिलें आहे. त्याची सत्ता मिसर देशावर कधींच नव्हती. इतिहासकार युसेबियुस याने अलेक्झांड्रियाच्या एका कुलीन स्त्रीचा उल्लेख केला आहे खरा. पण तो तिचें नांव देत नाहीं, आणि ती स्त्री मारली न जातां हद्दपार झाली. इ. स. ४१५ मध्यें ख्रिस्ती जमावानें ठार केलेल्या हिपाशिया या विदुषीची छाया कथेंत उतरली असावी, असाहि तर्क आहे. तो तर्कच समजावा. रोमच्या धर्मपीठानें १९६९ मध्यें हा उत्सव सार्वत्रिक पंचांगांतून काढला व २००२ मध्यें ऐच्छिक म्हणून पुन्हां घातला. यावरून खुद्द श्रद्धावंतांसहि हा प्रश्न टाळतां आला नाहीं, हें दिसतें.

तथापि कातारिनेचें चरित्र अनिश्चित असलें, तरी गोव्यांतील तिची पूजा पूर्णपणें ऐतिहासिक आहे. आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवें दुसऱ्यांदा घेतलें तें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं. तो तिच्या उत्सवाचा दिवस होता. म्हणून ज्या वेशीनें तो शिरला तेथें तिचें देऊळ उठलें. १५३४ मध्यें गोवें धर्मप्रांत झालें. १५५० मध्यें जॉर्ज काब्राल याने तें देऊळ वाढविलें. १५६२ मध्यें ‘से’ च्या बांधकामास आरंभ झाला. म्हणजे येथें पूजेचें मूळ चरित्रांत नसून तिथींत आहे.

त्या तिथीस काय घडलें? २२ डिसेंबर १५१० च्या पत्रांत आल्बुकेर्क स्वतःच आपल्या राजास कळवितो कीं, शहरांतील मुसलमान, स्त्रियांसुद्धां, कापले गेले. आंकडा तो सहा हजारांचा देतो. १५६० मध्यें त्याच नगरींत धर्मसमीक्षणाचें न्यायासनहि बसलें. कथेंतील कुमारी राजसत्तेच्या बळजबरीपुढें वाकली नाहीं. तिचें शस्त्र केवळ वाद. आणि तिचेंच नांव तरवारीनें घेतलेल्या वेशीस मिळालें! फलकांवर शिल्पकारानें कथा कोरली. ही विसंगति मात्र कोठें कोरलेली नाहीं. ती वाचणें हें संशोधकाचें काम होय. यांत आजच्या उपासकांस दोष देण्याचा हेतु नाहीं. वेदीपुढें गुडघे टेकणारा मनुष्य आल्बुकेर्कास नव्हे, त्या कुमारीसच वंदन करीत असतो.

हाच न्याय घरींहि लावावा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कळंब येथील चिंतामणीची स्थापना इंद्रानें केली, असें माहात्म्य सांगतें. इंद्राची तिथि कोणी मागत नाहीं. पण देऊळ, कुंड आणि यात्रा यांचा इतिहास मागतां येतो व मागावा. परक्याच्या कथेस कसोटी आणि आपल्या कथेस सूट, असा व्यवहार शास्त्रास शोभत नाहीं. कथेस कथेचें व तिथीस तिथीचें मोल दिलें, म्हणजे श्रद्धेचाहि अपमान होत नाहीं आणि मेलेल्यांचाहि विसर पडत नाहीं.