नेटस्केपची बखर

पराक्रमी पुरुषानें आपल्या पराक्रमाची कथा आपणच लिहावी कीं नाहीं, हा वाद वाङ्मयांत जुना आहे. व्यापारधंद्यांतील पराक्रमास तो अलीकडे विशेष लागू पडूं लागला आहे. कारण ज्यानें कंपनी काढली, भांडवल जमविलें आणि एखाद्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशीं टक्कर दिली, तो पुरुष आतां ग्रंथकार झाल्यावांचून सहसा राहत नाहीं. आणि तो राहिलाच, तर त्याच्यासाठीं लेखणी झिजविणारे दुसरे निघतात. नेटस्केप या अमेरिकन कंपनीभोंवतीं असे ग्रंथ बरेच जमले आहेत. संस्थापक जिम क्लार्क यांनीं ओवेन एडवर्ड्स यांच्या साहाय्यानें लिहिलेला 'नेटस्केप टाइम' (१९९९), जोशुआ क्विटनर व मिशेल स्लाटाला या पत्रकारांचा 'स्पीडिंग द नेट' (१९९८), मायकेल कुसुमानो व डेव्हिड यॉफी या प्राध्यापकांचा 'काँपीटिंग ऑन इंटरनेट टाइम' (१९९८) आणि मायकेल लुईस यांचा 'द न्यू न्यू थिंग' (१९९९) हे त्यांतील चार प्रमुख होत. या चौघांचा समग्र परामर्श घेण्याचा आमचा हेतु नाहीं. लहानानें थोराशीं दिलेल्या झुंजीची जी कथा यांतून वाचकांच्या मनांत रुजली, ती कितपत टिकते, आणि न टिकल्यास या ग्रंथांची किंमत काय उरते, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

कथा थोडक्यांत अशी. सिलिकॉन ग्राफिक्स ही स्वतःच स्थापिलेली कंपनी सोडून निघालेले क्लार्क आणि विद्यापीठांतून नुकताच बाहेर पडलेला मार्क अँड्रीसन हा तरुण यांनीं १९९४ च्या एप्रिलांत नवी कंपनी काढली. संगणकांच्या जागतिक जाळ्यावरील पानें पाहण्याचें साधन, ज्यास ब्राउझर म्हणतात, तें सिद्ध करून त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांस व शिक्षणसंस्थांस तें फुकट आणि इतरांस पारखून पाहण्यास मोकळें असल्यामुळें त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. ९ ऑगस्ट १९९५ रोजीं कंपनीचे शेअर बाजारांत आले. २८ डॉलरांस देऊं केलेला शेअर त्या दिवशीं ७५ च्या आसपास चढून ५८ वर स्थिरावला. आणि हें घडलें तेव्हां कंपनीचें वय अवघें सोळा महिन्यांचें असून नांव घेण्यासारखा नफा तिला झालेला नव्हता. पुढें पंधराच दिवसांनीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज ९५' विक्रीस काढलें, आणि पाठोपाठ आपला ब्राउझर सर्वांस फुकट वाटण्याचें धोरण आरंभिलें. २४ नोव्हेंबर १९९८ रोजीं अमेरिका ऑनलाइन ही कंपनी नेटस्केप विकत घेत असल्याचें जाहीर झालें. वामनानें बळीस पाताळांत घातल्याची कथा आपणांस ठाऊक आहे. येथें बळीनेंच वामनास पाताळ दाखविलें, एवढाच काय तो फरक.

अशा कथेची परीक्षा कशी करावी, याचा धडा मराठी वाचकास परक्याकडून घेण्याचें कारण नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींस अस्सल पत्रांसमोर उभें करून त्यांची कसून झडती घेतली. बखरकार लबाडच असतो असें नव्हे. तो आपल्या धन्याच्या अंगणांत उभा राहून पाहतो, म्हणून त्याला अंगणाच्या कुंपणापलीकडचें दिसत नाहीं. नेटस्केपच्या बाबतींत अस्सल पत्रांचें काम एका खटल्यानें केलें आहे. १८ मे १९९८ रोजीं अमेरिकेच्या सरकारानें व अनेक राज्यांनीं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविषयक फिर्याद गुदरली. १९ ऑक्टोबरास सुनावणी सुरू झाली. आणि ५ नोव्हेंबर १९९९ रोजीं न्यायमूर्ति थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनीं वस्तुस्थितीविषयीं आपले निष्कर्ष जाहीर केले. तोंवर हे चारही ग्रंथ छापून बाहेर पडले होते. ग्रंथकारांपेक्षां आजच्या वाचकाची जागा उंचावर आहे, ती यामुळें.

पहिला प्रश्न मुळाचा. ज्या जाळ्यावर नेटस्केपचें वैभव उभें राहिलें, तें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत कल्पिलें, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें त्याची आज्ञावली सर्व जगास विनामूल्य खुली केली. त्यावरील पानें सामान्य माणसास सहज पाहतां यावीं म्हणून इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रांत अँड्रीसन व एरिक बिना यांनीं १९९३ सालीं 'मोझेइक' नांवाचा ब्राउझर तयार केला. त्यास आधार होता सरकारी पैशाचा. क्लार्क यांनीं त्या विद्यापीठाच्या गांवीं जाऊन हीच तरुण मंडळी आपल्या कंपनींत आणली. त्यांनीं आज्ञावली नव्यानें लिहिली, हें खरें. परंतु विद्या, अनुभव आणि प्रारंभीं तर नांवसुद्धां तेथूनच आलेलें होतें. विद्यापीठानें हरकत घेतली, तेव्हां 'मोझेइक कम्युनिकेशन्स'चें 'नेटस्केप' झालें आणि अखेर तडजोड झाली. नव्या ब्राउझरचें घरांतील टोपण नांव 'मोझिला' होतें. मोझेइकचा संहार करणारा राक्षस, असा त्या शब्दाचा रोख. म्हणजे या वामनाचें पहिलें पाऊल पडलें तें बळीच्या मस्तकावर नव्हे, ज्या पाठशाळेंत तो शिकला तिच्या पाठीवर पडलें.

आणखी एक गोष्ट. मोझेइकचे हक्क विद्यापीठाकडून स्पायग्लास नांवाच्या कंपनीकडे गेले, आणि तिच्याकडून परवाना घेऊन मायक्रोसॉफ्टनें आपल्या 'इंटरनेट एक्स्प्लोरर'चा पाया घातला. तेव्हां ज्यांस आपण देव-दानव समजतों ते दोघेही एकाच घरांतले निघतात. ही झुंज परक्यांची नसून भाऊबंदकीची होती, आणि भाऊबंदकींत जें नेहमीं होतें तेंच येथें झालें: दोघेही वडिलार्जित मिळकतीवर लढले, आणि वडिलांचें नांव कोणीं काढलें नाहीं. क्लार्कांच्या ग्रंथांत तर विद्यापीठाविषयीं जी कटुता आहे ती पदोपदीं जाणवते. ज्यानें ऋण घेतलें त्यानें धनकोस कृपण म्हणावें, हें व्यवहारांत क्षम्य असेल; आत्मचरित्रांत तें मोठें वैगुण्य आहे.

दुसरा प्रश्न वीरवृत्तीचा. खटल्याच्या पहिल्याच साक्षीदाराच्या, म्हणजे नेटस्केपचे मुख्याधिकारी जिम बार्क्सडेल यांच्या, उलटतपासणींत मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनीं क्लार्क यांचें २९ डिसेंबर १९९४ चें एक ई-मेल पुढें केलें. ब्राउझर प्रसिद्ध होऊन तेव्हां पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या पत्रांत क्लार्क यांनीं मायक्रोसॉफ्टशीं सहकार्याची तयारी दर्शविली होती, आणि तिनें नेटस्केपमध्यें भागीदार व्हावें असेंही सुचविलें होतें. बार्क्सडेल यांस या पत्राची वार्ताही नव्हती. यांत लज्जास्पद असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं. नुकत्याच जन्मलेल्या कंपनीच्या धन्यास मध्यरात्रीं धास्ती वाटावी आणि त्यानें बलिष्ठाशीं सलोखा करूं पाहावा, हें अगदीं मनुष्यस्वभावास धरून आहे. किंबहुना या सबंध कथेंत आम्हांस सर्वांत मनुष्यासारखा वाटलेला क्षण हाच. परंतु ज्या कथेचा नायक पहिल्या पानापासून आव्हान देणारा वीर म्हणून उभा केला जातो, तिला हा क्षण झेपत नाहीं. आणि वीररसासाठीं माणूस गाळावा लागला, कीं चरित्राचें स्तोत्र होतें.

येथें कोणी म्हणेल, तुम्ही लहानाचीं वैगुण्यें मोजून थोराचा अन्याय झांकतां. तसें मुळींच नाहीं. अस्सल कागद मायक्रोसॉफ्टच्या बाबतींत फार कठोर आहेत. २१ जून १९९५ च्या बैठकींत तिनें नेटस्केपला विंडोजच्या क्षेत्रांतून मागें सरण्यास वळवूं पाहिलें, असा न्यायमूर्तींचा निष्कर्ष आहे. कॉम्पॅकनें आपल्या संगणकाच्या पडद्यावरून एक्स्प्लोररचें चिन्ह काढलें, तेव्हां विंडोजचा परवानाच रद्द करण्याची धमकी देऊन तें परत बसविण्यांत आलें. ॲपलला ऑफिस या संचाचा धाक घालून १९९७ सालीं एक्स्प्लोररला अग्रस्थान मिळविण्यांत आलें. अमेरिका ऑनलाइननें ११ मार्च १९९६ रोजीं नेटस्केपशीं करार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशीं मायक्रोसॉफ्टशीं. विंडोजच्या पडद्यावर जागा मिळण्याच्या मोबदल्यांत तिनें एक्स्प्लोरर आपल्या लक्षावधि ग्राहकांपुढें ठेवला. जून २००१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला, परंतु बेकायदा उपायांनीं मक्तेदारी राखल्याचा मुख्य आरोप कायम ठेवला. अन्याय झाला, हें निर्विवाद आहे.

मात्र अन्याय सोसणारा सर्वस्वीं निर्दोष असावाच लागतो, ही समजूत भाबडी आहे, आणि या ग्रंथांनीं ज्या कथेस खतपाणी घातलें ती या समजुतीवरच पोसली आहे. फुकट देऊन बाजार काबीज करण्याचें शस्त्र प्रथम परजलें तें नेटस्केपनेंच. प्रतिस्पर्ध्यानें तें अधिक निर्दयपणें वापरलें. तिच्या ब्राउझरची आवृत्तीगणिक वाढत गेलेली स्थूलता, पुढें सारी आज्ञावली मुळापासून लिहिण्याचा घाट आणि त्यापायीं नवी आवृत्ति यावयास लागलेला २००० च्या नोव्हेंबरापर्यंतचा काळ, हें नुकसान कोणा शत्रूनें केलेलें नव्हे. १९९७ च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टच्या माणसांनीं आपल्या ब्राउझरचें प्रचंड बोधचिन्ह नेटस्केपच्या हिरवळीवर आणून ठेवलें, आणि नेटस्केपच्या मंडळींनीं त्यावर आपला मोझिला राक्षस चढवून 'नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८' अशी पाटी लावली. थट्टा उत्तम होती. परंतु ज्याचा हिस्सा उतरत होता तो गुणफलक मिरवीत होता, आणि ज्याचा चढत होता तो निमूटपणें काम करीत होता.

आतां ग्रंथांविषयीं. पत्रकारांच्या ग्रंथांत तरुण आज्ञावलीकारांचे कष्ट व त्यांची रात्रंदिवसाची धांवपळ हीं रंगून आलीं आहेत. प्राध्यापकांनीं दुर्बलानें प्रबलाच्या जोराचाच उपयोग करून त्यास पाडण्याच्या युक्तीस जूडोची उपमा दिली आहे. डाव नीट समजावून सांगण्यांत त्यांचा ग्रंथ सरस आहे, परंतु आखाडा कोणाच्या जमिनीवर आहे हा प्रश्न त्यांस फारसा सतावीत नाहीं. क्लार्कांचा ग्रंथ वेगवान आणि सडेतोड आहे. संस्थापकाच्या मनांतली अस्वस्थता त्यांत जिवंत आहे, हा त्याचा गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. तरीही चौघांत आम्ही पहिला मान देऊं तो लुईस यांस. त्यांनीं युद्धाचें गाणें न गातां माणूस पाहिला. संगणकानें चालणाऱ्या एका अवाढव्य शिडाच्या जहाजाचा ध्यास घेतलेला, एक कंपनी उभी राहते न राहते तोंच दुसरीकडे धांवणारा क्लार्क त्यांच्या पानांत भेटतो. लहान विरुद्ध थोर हा साचा त्यांनीं बाजूस ठेवला, म्हणूनच त्यांचा नायक खरा वाटतो.

या कथेचा खरा नायक मात्र चारही ग्रंथ मिटल्यावर रंगभूमीवर येतो. हार दिसूं लागल्यावर नेटस्केपनें ३१ मार्च १९९८ रोजीं आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली जगास खुली केली. सर्नकडून जें मिळालें होतें त्याची परतफेड, कांहींशा नाइलाजानें कां होईना, तिनें त्या दिवशीं केली. २००३ सालच्या मे महिन्यांत तिच्या नव्या मालकानें मायक्रोसॉफ्टशीं ७५ कोटि डॉलरांवर वाद मिटविला, एक्स्प्लोरर वापरण्याचा सात वर्षांचा परवानाही घेतला, आणि जुलैंत नेटस्केपच्या माणसांस निरोप दिला. त्याच महिन्यांत मोझिला प्रतिष्ठान जन्मास आलें; ९ नोव्हेंबर २००४ रोजीं त्याचा 'फायरफॉक्स' बाहेर पडला, आणि जें काम अब्जावधींच्या कंपनीस साधलें नव्हतें तें त्यानें साधलें: एक्स्प्लोररची मक्तेदारी झिजूं लागली. नेटस्केपचा ब्राउझर २००८ सालीं आणि एक्स्प्लोरर २०२२ सालीं इतिहासजमा झाला. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ मध्यें दहा दिवसांत रचलेली जावास्क्रिप्ट ही भाषा आणि पैशाचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या संकेतपद्धतीचा नेटस्केपनें घातलेला पाया, हीं दोन्ही मात्र आजही जवळजवळ प्रत्येक पानामागें उभीं आहेत. जें विकावयास काढलें तें गेलें. जें सर्वांचें झालें तें राहिलें.

सिंहासन रिकामें राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं अमेरिकेंतील न्यायालयानें गूगलनें शोधयंत्राच्या क्षेत्रांत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला, तेव्हां आधार घेतला तो मायक्रोसॉफ्टच्याच खटल्याचा. आणि फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वांटा याच गूगलकडून येत आला होता. एकेकाळीं गूगलही दोन विद्यार्थ्यांची लहानशी कंपनी होती. लहान असणें हा सद्गुण नसून ती एक अवस्था आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

आपल्याकडेही आतां उद्योगपुरुषांचीं चरित्रें मोठ्या संख्येनें लिहिलीं जात आहेत, आणि तरुण वाचक तीं आवडीनें वाचतात. त्यांच्या लेखकांस आमची एवढीच सूचना आहे, कीं नायकानें कोणास पाडलें हें सांगण्यापूर्वीं तो कोणाच्या खांद्यावर उभा होता तें सांगावें. त्याच्या धास्तीचीं पत्रें गाळूं नयेत. आणि कंपनी बुडाल्यावर लोकांच्या हातांत काय उरलें, याचा हिशेब शेवटच्या प्रकरणांत मांडावा. तसें झालें तर चरित्र वाचून उमेद वाढेल आणि विवेकही सुटणार नाहीं. बखरी आपल्यापाशीं पुष्कळ आहेत. उणीव आहे ती इतिहासाची.