रोजचा दिवस आणि त्याची साक्ष

आमच्या बहुतेक घरांत जुन्या फोटोंची एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या खणात, एखाद्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलेली. तिच्यात निकाहचे फोटो असतात, अकीक्याचे असतात, हजला जाण्यापूर्वी पासपोर्टसाठी काढलेले असतात, आणि कुठल्या तरी कार्डासाठी स्टुडिओत जाऊन काढलेला एखादा ताठ चेहरा असतो. (ज्या घरांत तसवीरच नको असे मानतात तिथे ही पिशवीही नसते, त्या वादात आम्ही येथे शिरत नाही.) म्हणजे आनंदाचा दिवस आणि सरकारी काम, या दोनच निमित्तांनी कॅमेरा आमच्याकडे आला. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवसाचा फोटो या पिशवीत नसतो. वास्तविक आयुष्य बहुतांशी अशाच दिवसांचे असते.

रोज एक फोटो काढायचा आणि तो नेम वर्षभर पाळायचा, हा छंद आता मोबाइलमुळे सोपा झाला आहे. सोपा झाल्यामुळे त्याचे मोल कळेनासे झाले आहे. म्हणून मोबाइलच्या आधीच्या काळातील दोन कामांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दोन्ही न्यूयॉर्कशी निगडित आहेत.

पहिले काम तेहचिंग शिए या कलावंताचे. जन्म १९५०, तैवानमधला. जहाजावर खलाशी म्हणून आला आणि १९७४ मध्ये जहाज सोडून अमेरिकेत उतरला. हॉटेलात भांडी घासली, साफसफाईची कामे केली. जवळ कागदपत्रे नव्हती. ११ एप्रिल १९८० ते ११ एप्रिल १९८१ या वर्षात त्याने स्वतःच्या खोलीत कारखान्यातले हजेरीचे घड्याळ बसवले आणि दर तासाला, दिवस असो वा रात्र, तिथे जाऊन कार्डावर ठसा उमटवला. प्रत्येक वेळी सिनेमाच्या कॅमेऱ्याने स्वतःची एकच चौकट टिपली. सुरुवातीला डोके पूर्ण भादरले होते. मग केस वाढू दिले. वर्षाचे तास ८,७६० होतात. त्यांपैकी १३३ वेळा त्याची हजेरी चुकली, आणि ती कशी चुकली हेही त्याने नोंदवून ठेवले : ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाई झाली.

ही सारी फिल्म चालवली की सुमारे सहा मिनिटांत संपते. सेकंदाला चोवीस चौकटी, दिवसाचे तासही चोवीस. म्हणजे एक दिवस एका सेकंदात निघून जातो. पडद्यावर चेहरा थरथरतो, केस खांद्यापर्यंत येतात, घड्याळाचा काटा वेड्यासारखा फिरतो. बाकी काही नाही.

या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे : मजुरीवरचे भाष्य, काळावरचे चिंतन वगैरे. ते चूक नाही. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाजवळ तो इथे आहे हे सांगणारा एकही कागद नव्हता, त्याने आपण इथे आहोत याचा तासातासाचा पुरावा स्वतःच तयार केला. तो कुणी मागितला नव्हता आणि कुठल्या खिडकीवर चाललाही नसता. त्याला रीतसर वास्तव्याची मुभा मिळाली ती १९८८ मध्ये, सरकारने दिलेल्या माफीने. आजोबांच्या जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, नावातल्या एका काना-मात्रेचा फरक, यांसाठी ज्यांनी फायली जपल्या आहेत त्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

तथापि या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नेम इतका कठोर आहे की त्यात दुसरा माणूस येत नाही. त्या वर्षी खिडकीबाहेर बर्फ पडला असेल, कुणी भेटायला आले असेल, काही शिजले असेल. चौकटीत त्यातले काहीच नाही. साक्ष आहे, पण ती केवळ साक्षीदाराचीच आहे.

दुसरे काम जेमी लिव्हिंग्स्टन याचे. ३१ मार्च १९७९ रोजी बार्ड कॉलेजात शिकत असताना त्याने दिवसाला एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली. एका वर्षाने थांबला नाही. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, म्हणजे आपल्या ४१ व्या वाढदिवशी, तो कर्करोगाने वारला, तोपर्यंत हे चालू राहिले. एकूण फोटो ६,६९७. आम्ही तारखा मोजून पाहिल्या. दिवस ६,७८४ होतात. म्हणजे अठरा वर्षांत नव्वदही दिवस रिकामे नाहीत. त्याचा एसएक्स-७० कॅमेरा फोटो जागच्या जागी बाहेर टाकत असे. निगेटिव्ह नाही, दुरुस्ती नाही. जो आला तो त्या दिवसाचा. २००७ मध्ये मित्रांनी त्याच कॉलेजात सगळे फोटो ओळीने मांडले, तेव्हा १२० फूट लांब आणि सात फूट उंच जागा लागली.

सुटे पाहिले तर यांतले पुष्कळ फोटो सामान्य आहेत. मित्र, टेबलावरचे जेवण, खोलीतला पसारा. मथळा नाही, फक्त तारीख. गझलेत प्रत्येक शेर आपल्या बळावर उभा राहतो. इथे नेमके उलटे आहे. एकट्या शेराला वजन नाही, पण तारीख रदीफसारखी परत परत येते आणि त्या परतण्यातून अर्थ साचत जातो. मग १९९७ मध्ये आजारपण दिसू लागते, रुग्णालय येते. ऑक्टोबरात लग्न येते, मृत्यूच्या अवघे काही आठवडे आधी. अखेरच्या फोटोंत कॅमेऱ्यासमोर तोच आहे. म्हणजे कळ दुसऱ्या कुणी दाबली असावी. नेम एकट्याचा होता, शेवटी तो मित्रांनी पाळला.

कुणी म्हणेल, मृत्यूने या कामाला मोठे केले. माणूस जगला असता तर हा नुसता ढीग राहिला असता. या आक्षेपात तथ्य आहे. पण मृत्यू तर कोणत्याही कथेत घालता येतो. इथे तो लागतो, कारण त्याच्याआधी अठरा वर्षांचे साधे दिवस आपण ओलांडून आलेलो असतो. आणि ते काढणाऱ्याला शेवट ठाऊक नव्हता. १९८५ मधल्या एखाद्या फोटोत पुढच्या दुःखाची चाहूल शोधणे हा पाहणाऱ्याचा दोष होय.

हे वाचून आम्हीही एक वर्ष हा नेम करून पाहिला. पहिला महिना मशिदीचा मिनार, पावसाचे थेंब, म्हाताऱ्या माणसाचे हात असे 'चांगले' फोटो काढले. मग विषय संपले. एके दिवशी अम्मी तांदूळ निवडत होती, तेव्हा कॅमेरा काढला. ती म्हणाली, "रोज रोज काय काढतोस रे? आज काय कुणाचं लगीन आहे?" तिचा प्रश्न रास्त होता. वर्षाअखेर ६१ दिवस चुकलेले निघाले. शिएसारखी कारणे लिहायला बसलो, तर जवळजवळ सगळीकडे एकच कारण निघाले : त्या दिवशी काढण्याजोगे काही नव्हते.

हेच कारण आमच्या साहित्यालाही लागू पडते, असे आम्हाला खेदाने म्हणावे लागते. आमच्या कथा-कवितांत दंगल आहे, तलाक आहे, ईद आहे. या विषयांवर लिहिलेच पाहिजे. ते लिहिले नसते तर कुणी लिहिले नसते. पण वाचकाने केवळ तेवढेच वाचले तर त्याला वाटेल की आम्ही एक तर जळत असतो किंवा शीरखुर्मा पीत असतो. मधल्या तीनशेहून अधिक दिवसांत आम्ही मुलांची फी भरतो, नळाच्या वेळेची वाट पाहतो, एसटी चुकवतो, शेजारणीकडून विरजण आणतो. आम्हाला नाकारणारा माणूस नाकारतो ते आमचे हेच दिवस. सण तर त्यालाही ठाऊक असतात.

रोज लिहावे, असा उपदेश आम्ही करणार नाही. नुसता नेम म्हणजे कला नव्हे. हजेरीपुस्तक कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. पण 'आज काढण्याजोगे काही नव्हते' असे म्हणून पान कोरे सोडण्यापूर्वी लेखकाने एकदा थांबून पाहावे. अम्मीचा तो फोटो थोडा हललेला आहे. सुपातले तांदूळ नीट दिसत नाहीत. वर्षभरातल्या तीनशेचार फोटोंतून घरच्यांनी पिशवीत ठेवायला मागून घेतला तो मात्र तोच.