फादर स्टीफन्स ह्यांचे पत्र आणि त्यांचे पुराण

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ आपण ज्या ग्रंथापासून मोजतो, त्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्याविषयी लिहिताना आमची लेखणी गौरवाकडेच वळते. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ह्या ग्रंथातील मराठीची स्तुती सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांचे आणखी एक लिखाण मात्र क्वचितच वाचले जाते.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी स्टीफन्स गोव्यास उतरले आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनी, त्यांनी लंडनच्या आपल्या वडिलांना पत्र लिहिले. येथील लोक सावळे आहेत, परंतु ‘काफर’ म्हणविल्या जाणाऱ्या आफ्रिकी लोकांसारखे त्यांचे ओठ व नाक विद्रूप नाहीत, अशा आशयाचे विधान त्यात आहे. आपल्या पूर्वजांना दिलेली ही पसंती दुसऱ्या एका मानवसमूहाच्या अवमानावर उभी आहे.

ह्या विधानाचा न्याय कसा करावा? ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. पोर्तुगीज धर्मगुरू फेर्नांव द ओलिवेरा ह्यांनी १५५५ सालीच गुलामांच्या व्यापाराचा छापील निषेध केला होता. काळाला दुसरा आवाज ठाऊक होता. उलटपक्षी, एका वाक्यासाठी सारा ग्रंथकार त्याज्य ठरविणे हाही न्याय नव्हे. सतरा दिवसांच्या पाहुण्याने जे डोळ्यांनी पाहिले, त्याहून निराळे त्याने पुढील सदतीस वर्षांत कानांनी ऐकले. येथील भाषा शिकून, येथल्याच ओवीत त्याने आपली श्रद्धा मांडली. ज्याची भाषा आपण शिकतो, त्याच्या नाकाओठांची मापे घेणे आपोआप थांबते.

तथापि त्या पुराणालाही मर्यादा आहे. त्यातील संवादात प्रश्न विचारण्यास पुढे येतो तो ब्राह्मण. त्या काळच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी राबणारा आफ्रिकी गुलाम प्रश्नकर्ता म्हणून आपणांस भेटत नाही. आदराची कक्षा रुंदावली, परंतु ती सर्वांपर्यंत पोहोचली नाही.

म्हणून आमच्या मते खरा मानदंड बाहेरून आणण्याचे कारण नाही. तो ग्रंथकारानेच आपल्या हाती दिला आहे. ‘पहिल्या पुराणा’त तो आदामाला अखिल मानवजातीचा एकच पिता म्हणून उभा करतो. प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायात संत पौलही अथेन्सकरांना हेच सांगतो. पिता एक, तर एका भावाचे मुख सुरूप आणि दुसऱ्याचे विद्रूप हे कोणी ठरवावे? स्टीफन्स ह्यांच्या पत्राविरुद्ध सर्वांत भक्कम साक्षीदार स्टीफन्स ह्यांचे पुराणच होय.

ही चर्चा केवळ ग्रंथालयापुरती नाही. पत्रातील तो ‘काफर’ गोव्याच्या बोलीत ‘खाप्री’ होऊन आजही हिणविण्यासाठी वापरला जातो. २०१३ साली एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरी येथे महामार्ग अडविला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने त्या समाजाला कर्करोगाची उपमा दिली होती. पेडणे तालुक्यातील धारगळ घ्या. स्टीफन्स ह्यांच्या काळी हा मुलूख पोर्तुगीजांकडे नव्हता. तो १७८८ साली त्यांच्या ताब्यात गेला. आज मोपा विमानतळाचा जोडरस्ता तेथे महामार्गाला मिळतो आणि नाना वर्णांची माणसे त्या गावावरून जातात. तेथील बालकाच्या तोंडी त्यांच्यासाठी कोणता शब्द येतो, ह्याकडे धर्मशिक्षकाने कान द्यावा. गोऱ्या वधूचा आग्रह धरणाऱ्या घरांतूनही हाच धडा आवश्यक आहे.

आमची सूचना इतकीच की अभ्यासवर्गात पुराण वाचताना त्या पत्राचा आशयही सांगावा. त्याने ग्रंथकाराची थोरवी उणावणार नाही. थोर माणसाचीही दृष्टी कोठे अडते हे श्रोत्यांना कळेल आणि आपली कोठे अडली आहे, हे विचारण्याचे धैर्य त्यांना येईल.