‘घर’ चालतं, ‘दार’ चालत नाही

शनिशिंगणापुरात दाराकुलपावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण विषय बिहेविअर-ड्रिव्हन टेस्टचा आहे. टेस्ट माणसाला वाचता येईल की नाही, हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर किती अवलंबून असतं?

उदाहरण इथलंच घेऊ. २०११ साली युको बँकेनं या गावात शाखा उघडली आणि ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिची बातमी झाली. गावाची श्रद्धा राखायची आणि पैसेही सांभाळायचे. समजा, अशा शाखेच्या दाराचं सॉफ्टवेअर आपण लिहितोय. “कुलूप लागलं का ते तपासा” ही टेस्ट इथे पहिल्याच दिवशी बाद. “शाखा बंद असताना बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही” ही खरी टेस्ट. डॅन नॉर्थ यांचा आग्रह हाच होता, की टेस्टचं नाव म्हणजे वागणुकीचं सरळ वाक्य असावं.

आता हे वाक्य कोडमध्ये ठेवायचं कुठे? कोटलिनमध्ये बॅकटिकच्या आत अख्खं वाक्यच फंक्शनचं नाव होतं. रूबीच्या आरस्पेकमध्ये ते स्ट्रिंग म्हणून बसतं. जावात नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून अंडरस्कोरनी शब्द शिवा, नाहीतर डिस्प्लेनेम लावून तेच पुन्हा लिहा. मग एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

गोची गंमत वेगळी. गोमध्ये नावात फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, अक्षराला जोडायची चिन्हं आहेत. त्यामुळे ‘घर’ हे नाव चालतं, ‘दार’ मात्र कान्यावर अडतं! शिंगणापूरला साजेसं आहे खरं, पण मराठीत नाव देणाऱ्याला ही भाषा दारातच थांबवते. जावा आणि पायथन ३ मध्ये ही अडचण नाही. गोमध्येही सबटेस्टला मराठी वाक्य देता येतं, फक्त निकालात शब्दांमध्ये अंडरस्कोर येतात.

“मग घर्किन वापरा की,” असं कोणी म्हणेल. कुकुंबरच्या घर्किनमध्ये मराठी कीवर्ड आहेतच. पण ‘गिव्हन’साठी ‘जर’ दिलाय, तो मला पटत नाही. ‘जर’ म्हटलं की आपला कान ‘तर’ची वाट बघतो. “जर शाखा बंद आहे, जेव्हा माणूस दार ढकलतो, तेव्हा...” असं कोण बोलतं हो? गिव्हन ही अट नाही, मांडलेली परिस्थिती आहे. शाळेच्या गणितातला ‘समजा’ तिथे चपखल बसला असता. ‘दिलेल्या प्रमाणे’ हा दुसरा पर्याय तर थेट प्रश्नपत्रिकेतून आल्यासारखा. कीवर्डऐवजी नुसती चांदणी टाकायची सोय आहे. मी तीच टाकतो आणि पुढे ‘समजा’ लिहितो.

शिवाय घर्किनच्या प्रत्येक ओळीमागे जोडणीचा कोड सांभाळावा लागतो. ती फाइल फक्त प्रोग्रॅमरच उघडणार असतील, तर एवढा खटाटोप कशाला? तिथे कोटलिन किंवा रूबीतलं साधं वाक्य बरं. पण शाखेतला रोखपाल खरोखर वाचणार असेल, तर घर्किनची मेहनत करा. कारण “शाखा बंद असताना बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही” हे वाचून तो लगेच विचारेल, “आणि वीज गेली तर?”

त्याची टेस्ट आपण अजून लिहिलेलीच नाही.