वाघ तीन, शेळ्या पंधरा

तमिळनाडूत 'आडु पुलि आट्टम' नावाचा खेळ आहे. त्याचे पट तिथल्या जुन्या देवळांच्या फरशांवर कोरलेले सापडतात. एका बाजूला तीन वाघ, दुसऱ्या बाजूला पंधरा शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला उचलतो. शेळीला मारता येतच नाही. चहूकडून कोंडून वाघाची चाल बंद करणं एवढंच तिच्या हाती. शेळ्या एकेक करून पटावर बसतात आणि पंधराही बसेपर्यंत एकीलाही हलता येत नाही. म्हणून सुरुवातीला वाघांचं राज्य असतं, पुढे फास आवळत जातो. दोन्ही बाजूंत एकही गोष्ट सारखी नाही, तरी डाव तुल्यबळ होतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिकाखेळांसाठी घरच्या घरी नवे वंश रचणाऱ्यांनी तंजावरच्या बाजूला एकदा जावं असं मला वाटतं, आणि त्याचं पहिलं कारण हा खेळ.

वंश रचण्याच्या कलेचा आजवरचा प्रवास मुख्यतः बेरजेचा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1974 च्या मूळ नियमांत तोल साधला होता तो कुंपण घालून: बुटक्या खाणकरी ड्वार्फला योद्धा म्हणून सहाव्या पातळीपलीकडे जाता येत नसे, एल्फला चौथ्या. 1981 च्या आवृत्तीत एल्फ हा स्वतंत्र वर्गच होता, आणि दुसरी पातळी गाठायला योद्ध्याला 2000 अनुभवगुण लागत तिथे त्याला 4000. म्हणजे सुरुवातीला सुख आणि पुढे शिक्षा. ही पद्धत मला कधीच पटली नाही, कारण मोहीम लवकर संपली तर शिक्षेची वेळच येत नाही. 2012 मध्ये 'पाथफाइंडर' या दुसऱ्या भूमिकाखेळाच्या एका पुस्तकाने प्रत्येक गुणाला किंमत लावली आणि नेहमीच्या वंशांचाही हिशेब मांडला: माणूस 9, ड्वार्फ 11, हाफ-ऑर्क 8. घरच्या घरी वंश रचणाऱ्यांच्या पिढीवर या दरपत्रकाचा मोठा प्रभाव आहे. आजही नवा वंश दाखवला की पहिला प्रश्न येतो, बेरीज किती झाली?

हा प्रश्न अपुरा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीतला डोंगरी ड्वार्फ घ्या. त्याला हलकं आणि मध्यम चिलखत वापरण्याचं शिक्षण जन्मतःच मिळतं. योद्धा झालात तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण योद्ध्याला ते येतंच. जादूगार झालात तर तोच गुण सोन्याच्या मोलाचा. एकाच ओळीची किंमत शून्यही आहे आणि भरमसाटही. उडण्याचंही तसंच. 2015 मध्ये आलेल्या आराकोक्रा या पक्षीवंशाला पहिल्या पातळीपासून 50 फुटांचं उड्डाण मिळालं आणि अनेक टेबलांवर त्याला बंदी झाली; 2022 मध्ये तो वेग चालण्याइतका केला गेला. पण भुयारात घडणाऱ्या मोहिमेत हा गुण निम्मा झोपलेला असतो.

गुणाची किंमत पट ठरवतो. मोहीम कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात बेतली आहे असं समजा. कल्लणै बंधाऱ्यापाशी पाणी वळवलंय, पुढे नद्या, फाटे, कालवे आणि भाताची खाचरं. चढायला डोंगर नाही, लपायला दरी नाही. इथे सहज पोहणारा वंश इतरांच्या दोन पावलं पुढे असेल, आणि कडेकपारी चढणारा वंश बिचारा रिकामा बसेल. वाघ-शेळीच्या पटावरही हेच घडतं: रेघा वाढवल्या किंवा शेळ्या कमी केल्या की सगळा डाव फिरतो. म्हणून वंश रचण्याआधी मोहिमेचा नकाशा समोर हवा. बहुतेक घरगुती वंश नकाशाशिवाय जन्मतात, आणि त्यांचा सगळ्यात मोठा दोष हाच.

दुसरा दोष हावरेपणाचा. दक्षिणेतल्या देवळांच्या खांबांवरची याळी, आपल्याकडचा व्याल, डोळ्यांत भरते: सिंहाचं अंग, कधी हत्तीची सोंड. तिच्यावरून वंश करायचा म्हटलं की रचणारा पंजे देतो, सोंड देतो, गर्जना देतो, जाड कातडी देतो, वर अंधारातली दृष्टीही. प्रत्येक गुण एकटा पाहिला तर माफक वाटतो. एकत्र झाले की शेजारी बसलेल्या खेळाडूला करायला काही उरत नाही. 2018 मध्ये आलेल्या लॉक्सोडॉन या हत्तीवंशाकडे पाहा. त्याला सोंड आहे, तिने वस्तू उचलता येतात, पण शस्त्र किंवा ढाल धरता येत नाही. हे एक वाक्य त्या वंशाचा तोल सांभाळतं. चांगला रचनाकार नकाराची अशी वाक्यं मन लावून लिहितो. याळीला मी सोंड आणि गर्जना देईन, पंजे काढून टाकीन.

आता तंजावरचं दुसरं कारण. सतराव्या शतकात तिथे भोसल्यांची गादी स्थापन झाली. त्या घराण्यातल्या शहाजीराजांनी, त्यांची कारकीर्द 1684 ते 1712, 'पंचभाषाविलास' नाटक रचलं. त्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलणारी पात्रं एकाच रंगमंचावर येतात. ती वेगळी ठरतात ती बोलण्याने. तंजावरची मराठी माणसंही अशीच, घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ, पिढ्यान्‌पिढ्या. अशा समाजाला नियमांत बसवायचं तर 'बुद्धी अधिक दोन' लिहून काय कळणार? घरात काय बोलतात, कुणाच्या दरबारात वावर आहे, कोणती विद्या हाताशी आहे, हे लिहावं लागेल. शरीराचे गुण एकीकडे आणि संस्काराचे गुण दुसरीकडे, अशी विभागणी हवी. 'पाथफाइंडर'च्या 2019 च्या आवृत्तीने ती बऱ्यापैकी केली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने 2024 मध्ये वाढीव गुण वंशाकडून पार्श्वभूमीकडे नेले, पण प्रत्येक पार्श्वभूमीला तीनच क्षमता ठरवून दिल्या. बेडी सोडली ती दुसऱ्या पायात घालायला, असं माझं मत आहे. तरी दिशा योग्य आहे.

मराठी खेळाडूंना एक कळकळीची विनंती. त्याच भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या 'देवेंद्र कुरवंजी'त जगाचा भूगोल मराठीतून सांगितला आहे, आणि तोही तंजावरात बसून. तसंच तुम्हीही पुढच्या मोहिमेसाठी एक वंश मराठीतून लिहा. आधी नकाशा काढा, मग त्या वंशाला काय जमत नाही ते लिहा, आणि शेवटी काय जमतं ते. दोन-चार बैठका खेळून पाहा, आणि इतरांना जागा उरत नसेल तर एक गुण बेधडक खोडा.