वर्गात न आलेलं मूल तुमच्या नमुन्यात आहे का?

शिक्षणशास्त्रात विषय शोधायला लागलात की 'स्मार्ट क्लासरूमचा अध्ययनावरील परिणाम' हे शीर्षक समोर येतंच. ते पक्कं करण्याआधी अनुताई वाघ यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' जरूर वाचा. फक्त भक्तिभावाने वाचू नका, संशोधक म्हणून वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि अंगणात वर्ग भरला. ही अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. माँटेसरीची महाग साधनं नव्हती, तर बिया, खडे, पानं वापरली.

यातली खरी ताकद कुठे आहे? आधी 'मूल का येत नाही?' हे शोधलं आणि मग वर्ग बदलला. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. आधी पडदा येतो, मग त्याचा उपयोग शोधला जातो.

आता मर्यादा बघा. प्रयोग करणारी आणि तो सांगणारी व्यक्ती एकच आहे. तुलनेसाठी दुसरा गट नाही. मुलं आली ती अंगणामुळे, खेळामुळे, की अनुताईंच्या स्वभावामुळे? आठवणींवरून हे वेगळं काढता येत नाही. म्हणून अशा पुस्तकाला पुरावा म्हणू नका, गृहीतक म्हणा. चांगलं गृहीतक मिळणं हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे.

आमच्या लोणावळ्याचंच उदाहरण घ्या. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मागच्या बाकावर शिकवणाऱ्याचा आवाज पोचत नाही. इथे 'अध्ययनाचं वातावरण' मोजायचं तर आधी आवाज मोजायला हवा. पडद्याची स्पष्टता नंतर. आणि मावळातल्या एखाद्या कातकरी वाडीवरचं मूल त्या दिवशी शाळेपर्यंत पोचलंच नसेल, तर ते तुमच्या प्रश्नावलीत कुठे दिसणार? हजर मुलांचीच सरासरी काढून 'वातावरण सुधारलं' म्हणणं म्हणजे नमुना निवडतानाच झालेली चूक. नंतर कितीही टी-टेस्ट लावा, ती निघत नाही.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. शब्द पोचला की त्यामागची विचार करायची रीतही पोचते, असं मात्र नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. हजेरीपट घ्या आणि गैरहजर मुलांची यादी काढा. त्यातल्या चार घरी जाऊन या. कदाचित तुमचा विषयच बदलेल. बदलला तर बदलू द्या.